भाकीत आणि भूमिका : टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील राजकन्या इओविन

सारांश

अद्भुतकथेतील राजकन्येची जागा बहुधा कथेच्या आरंभीच ठरलेली असते. ती कोणाची मुलगी, कोणाची वाग्दत्त वधू आणि कोणत्या पराक्रमाचे पारितोषिक, एवढ्यावर तिचे अस्तित्व संपते. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतील इओविन ही राजकुळातील तरुणी मात्र नेमून दिलेली जागा सोडते आणि तसे केल्यामुळेच एक जुने भाकीत खरे ठरते. प्रस्तुत लेखात तिच्या संदर्भात भाकीत आणि भूमिका या नियतीच्या दोन रूपांमधील भेद स्पष्ट केला असून, कथेच्या अखेरीस तिने शस्त्र खाली ठेवणे म्हणजे पराभव आहे काय, या वादग्रस्त प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अद्भुतकथा, नियती, भाकीत, भूमिका, राजकन्या, टोल्किन.

१. प्रस्तावना

सटवीने कपाळी लिहिलेले टळत नाही, ही समजूत मराठी लोकमानसात खोलवर रुजलेली आहे. विधिलिखित, प्रारब्ध, ललाटरेषा, नशीब असे अनेक शब्द या एकाच कल्पनेभोवती जमलेले दिसतात. परंतु 'नशिबी आले' असे जेव्हा एखाद्या स्त्रीविषयी म्हटले जाते, तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे पुढे काय घडणार याविषयीचे भाकीत, आणि दुसरी म्हणजे घराने व समाजाने तिला नेमून दिलेले स्थान. पहिली गोष्ट दैवाची, तर दुसरी माणसांची असते. मात्र दुसरीलाही पहिलीचेच नाव दिले की तिच्याविषयी प्रश्न विचारणे थांबते.

महाभारताच्या वनपर्वातील सावित्री हे या संदर्भात सहज आठवणारे उदाहरण होय. सत्यवान एका वर्षात मरणार हे नारदाचे भाकीत ऐकूनही ती आपली निवड बदलत नाही आणि अखेर यमाशी केलेल्या संवादातून पतीचे प्राण परत मिळवते. येथे राजकन्या भाकिताला आव्हान देते, परंतु पत्नीच्या भूमिकेला नव्हे. किंबहुना त्या भूमिकेच्या बळावरच ती भाकीत मागे हटवते. विसाव्या शतकातील इंग्रजी अद्भुतकथेत याच्या नेमकी उलट रचना आढळते. इओविन भूमिकेला आव्हान देते आणि त्यातून भाकीत पूर्ण होते. ही उलट रचना समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कथेने नेमलेली जागा

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या लोककथेच्या रूपविचारात अद्भुतकथेतील पात्रांची सात कार्यक्षेत्रे सांगितली आहेत. त्यांत नायक, खलनायक, साहाय्यक, दाता इत्यादींना स्वतंत्र स्थान आहे. राजकन्या मात्र तिच्या पित्यासह एकाच कार्यक्षेत्रात येते. पिता अवघड कामगिरी सांगतो, नायक ती पार पाडतो आणि राजकन्येचा विवाह होतो. 'अर्धे राज्य आणि राजकन्या' हे आपल्या लोककथांतील परिचित बक्षीसही याच रचनेचे द्योतक आहे. वाक्यात राज्य आणि राजकन्या एकाच 'आणि'ने जोडले जातात, यातच तिचे कथेतील स्थान स्पष्ट होते.

टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात १९२५ ते १९४५ या काळात अँग्लो-सॅक्सन भाषेचे आणि त्यानंतर १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक होते. ज्या प्राचीन साहित्यावर त्यांचा अभ्यास होता, त्यात राजकुळातील स्त्रीच्या दोन भूमिका ठळक आहेत. दरबारात योद्ध्यांना मद्याचा चषक देऊन त्यांचा सन्मान करणारी ही पहिली भूमिका होय. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातील राणी वेअल्थेओ हे तिचे उदाहरण. दुसरी भूमिका शांतता विणणारीची, म्हणजे शत्रुकुळात विवाह करून वैर मिटवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कन्येची. त्याच काव्यातील फ्रेआवारू ही अशी राजकन्या असून तिच्या विवाहाने वैर मिटणार नाही, असे भाकीत खुद्द बेओवुल्फच करतो. याशिवाय उत्तरेकडील सागांमध्ये ढाल घेऊन लढणाऱ्या स्त्रियांची परंपराही आहे. टोल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९६० मध्ये संपादित व अनुवादित केलेल्या एका सागेतील हेर्वोर ही त्या परंपरेतली.

इओविनच्या व्यक्तिरेखेत चषक देणारी आणि ढाल घेणारी या दोन्ही परंपरा एकत्र येतात. एक तिला घराने दिलेली आहे, दुसरी तिने स्वतः उचललेली आहे.

३. रोहनच्या राजवाड्यातील इओविन

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४ व १९५५ या वर्षांत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील रोहन हे घोडेस्वारांचे राज्य असून तेथील लोकांची भाषा टोल्किन यांनी जुन्या इंग्रजीच्या रूपात मांडली आहे. इओविन हे नावही त्याच भाषेतून आलेले आहे. त्यात घोडा आणि आनंद या अर्थांचे दोन शब्द जोडलेले आहेत. ती राजा थेओडेनची भाची. लहानपणीच आईवडील गेल्यामुळे ती व तिचा भाऊ एओमर मामाच्या घरी वाढतात. काटेकोर अर्थाने ती राजाची कन्या नव्हे; परंतु राजवाड्यातील तिचे स्थान राजकन्येचेच आहे.

कथेच्या आरंभी थेओडेन हा ग्रिमा नावाच्या कपटी सल्लागाराच्या प्रभावाखाली अकाली जराजर्जर झालेला दिसतो. भाऊ सीमेवर लढतो, घोडदौड करतो, मोकळ्या माळावर वावरतो. बहीण मात्र खचत चाललेल्या वृद्धाची शुश्रूषा करीत, ग्रिमाची लोभी नजर सोसत, राजवाड्याच्या भिंतींआड राहते. पुढे उपचारगृहात ती मूर्च्छित असताना एओमरला तिच्या दुःखाचे कारण अरागॉर्नवरील विफल प्रेमात दिसते. तेव्हा गॅन्डाल्फ त्याला दुरुस्त करतो. तिच्या ठायी भावाच्या तोडीचे धैर्य होते, पण ते वापरण्याची मुभा भावाला होती आणि तिला नव्हती, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सख्ख्या भावालाही बहिणीची घुसमट दिसली नव्हती, ही बाब येथे महत्त्वाची ठरते.

तथापि इओविनची भूमिका केवळ सेवेची होती असे म्हणणे अपुरे होईल. थेओडेन युद्धाला निघताना मागे राहणाऱ्या प्रजेचे नेतृत्व कोणाकडे द्यावे, असा प्रश्न उपस्थित होतो. राजघराण्यातील कोणीच मागे उरत नाही असे राजाला वाटते. इओविनचे नाव त्याला सुचत नाही. ते सुचवतो द्वारपाल हामा. ती निर्भय आहे आणि सर्वांना प्रिय आहे, असे तो सांगतो. त्यानंतर राजा तिला तलवार व चिलखत देऊन प्रजेची जबाबदारी सोपवतो. म्हणजे तिच्या वाट्याला खरीखुरी सत्ता येते. मात्र ती येते घरात एकही पुरुष उरला नाही म्हणून. अरागॉर्न तिला या कर्तव्याची आठवण करून देतो, तेव्हा तिच्या उत्तरामागील प्रश्न असा आहे की मागे राहण्यासाठी दर वेळी तिचीच निवड का व्हावी? तिला भीती मृत्यूची किंवा वेदनेची नाही. सवयीने अंगवळणी पडणाऱ्या पिंजऱ्याची आहे.

४. भाकिताचे स्वरूप

कथेतील दुसरा धागा भाकिताचा आहे. सॉरॉनच्या सेवेतील नऊ नाझगुलांचा अधिपती हा पूर्वी आंगमार या राज्याचा मायावी राजा होता. कादंबरीच्या परिशिष्टात दिलेल्या माहितीनुसार तिसऱ्या युगाच्या १९७५ या वर्षी फोर्नोस्टच्या लढाईत त्याचा पराभव झाला. गोंडोरचा राजपुत्र एआर्नूर त्याचा पाठलाग करू पाहतो, तेव्हा ग्लॉर्फिन्डेल हा एल्फ त्याला अडवतो आणि भाकीत सांगतो की त्या अधिपतीचा अंत अद्याप दूर असून तो 'मॅन'च्या हातून होणार नाही. हे भाकीत ३०१९ या वर्षी, म्हणजे १०४४ वर्षांनी, पेलेन्नॉरच्या रणांगणावर खरे ठरते.

येथे भाषेचा मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजीतील 'मॅन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : मानव आणि पुरुष. जुन्या इंग्रजीत तो शब्द स्त्री व पुरुष दोघांनाही लागू होता. पुरुषासाठी 'वेर' आणि स्त्रीसाठी 'वीफ' असे वेगळे शब्द होते. भाषाशास्त्रज्ञ टोल्किन यांनी या दुहेरी अर्थाचा पुरेपूर उपयोग केला आहे. अधिपतीला मारण्यात दोघांचा हात आहे. इओविन मानव आहे, पण पुरुष नाही. तिचा साथीदार मेरियाडॉक पुरुष आहे, पण हॉबिट असल्यामुळे मानव नाही. एकच शब्द दोघांनाही वगळतो आणि म्हणूनच दोघांनाही वाट करून देतो. मराठीत 'माणूस' म्हटले तर इओविन अडते आणि 'पुरुष' म्हटले तर मेरियाडॉक अडतो. 'नरजन्म' आणि 'नर-मादी' या दोन्ही प्रयोगांत आढळणारा 'नर' हा शब्द मात्र मूळ श्लेषाच्या बराच जवळ जातो.

भारतीय वाचकाला या प्रसंगी रावणाचा वर आठवेल. देव, गंधर्व, यक्ष, राक्षस यांच्यापासून अभय मागताना त्याने माणसांना तुच्छ लेखून वगळले आणि त्याच फटीतून त्याचा विनाश आला. पुराणपरंपरेतील महिषासुराची कथाही याच जातीची असून तेथे वगळलेली व्यक्ती स्त्री आहे. साम्य उघड असले तरी एक भेद महत्त्वाचा आहे. वर हे संरक्षण असते. भाकीत हे केवळ पूर्वज्ञान असते. ग्लॉर्फिन्डेलने अधिपतीला कोणतेही अभय दिलेले नव्हते. काय घडणार नाही, एवढेच त्याने सांगितले होते. अधिपती मात्र त्या शब्दांना कवच समजून वावरतो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील नायकाची चूकही हीच आहे आणि या दोन प्रसंगांतील साम्याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

जुन्या इंग्रजीत नियतीसाठी 'विर्ड' हा शब्द आहे. तो 'होणे, घडणे' या अर्थाच्या क्रियापदाशी निगडित असून त्याचे मूळ संस्कृतातील 'वृत्' या धातूशी जुळते. या व्युत्पत्तीत नियती म्हणजे कपाळावरचे पुसता न येणारे अक्षर नव्हे, तर घडत जाणारी गोष्ट होय. इओविनच्या कथेत नियतीचे हेच रूप आढळते. भाकीत तिचे नाव घेत नाही, तिला बोलावत नाही, तिला त्याची कल्पना आहे असेही कथेत सूचित होत नाही. ते फक्त एक जागा मोकळी ठेवते.

५. नकाराचा प्रसंग

इओविन डर्नहेल्म या पुरुषी नावाने, वेष पालटून सैन्यात सामील होते. या नावाच्या पहिल्या पदाचा अर्थ 'गुप्त' आणि दुसऱ्याचा 'शिरस्त्राण' असा होतो. तिच्या घोड्यावर मेरियाडॉक बसलेला असतो. त्यालाही राजाने मागे राहण्याची आज्ञा दिलेली आहे. युद्धाच्या निर्णायक क्षणी जे दोघे राजापाशी उभे राहतात, ते आज्ञेप्रमाणे तेथे असायलाच नको होते, ही बाब कथेच्या रचनेत मध्यवर्ती आहे.

थेओडेन स्वतःच्याच घोड्याखाली चिरडला जातो आणि अधिपती त्याच्यावर चालून येतो. इतर स्वार मारले गेलेले असतात अथवा बिथरलेल्या घोड्यांनी दूर नेलेले असतात. इओविन आपण स्त्री असल्याचे जाहीर करते आणि अधिपती क्षणभर थबकतो. त्याच्या वाहनाचे, त्या पंख असलेल्या श्वापदाचे मुंडके ती उडवते. त्याच्या गदेने तिची ढाल फुटते, हात मोडतो. मेरियाडॉक मागून त्याच्या गुडघ्यामागे वार करतो. ते शस्त्र आंगमारशी लढणाऱ्या लोकांनीच फार पूर्वी घडवलेले असल्यामुळे मायेचा बंध तुटतो आणि इओविन अखेरचा घाव घालते.

यानंतरचा तपशील अधिक बोलका आहे. मरणोन्मुख थेओडेन मेरियाडॉकशी बोलतो आणि इओविनसाठी निरोप ठेवतो. ती शेजारीच पडलेली आहे, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. जिला घरी ठेवल्याचे त्याला समाधान होते, तिनेच त्याच्या देहाचे रक्षण केले, हे न जाणताच तो मरतो. पीटर जॅक्सन यांच्या २००३ मधील चित्रपटात राजा तिला ओळखतो. तो बदल भावनेच्या दृष्टीने परिणामकारक आहे. परंतु मूळ कादंबरीतील न ओळखले जाणे हे इओविनच्या आयुष्यभराच्या अनुभवाशी अधिक सुसंगत वाटते.

६. कर्तव्याचा प्रश्न

इओविनच्या कृतीकडे निव्वळ कौतुकाने पाहणे योग्य होणार नाही. ज्या प्रजेची जबाबदारी तिने स्वीकारली होती, तिला सोडून ती निघून जाते. शिवाय तिचा निर्णय जगण्याच्या इच्छेतून आलेला नाही. आपल्या हातून काहीतरी थोर घडावे आणि त्यातच मरण यावे, अशी तिची अपेक्षा आहे. मेरियाडॉकला डर्नहेल्मच्या डोळ्यांत जाणवते ती आशा संपलेल्या माणसाची नजर. पिंजरा मोडण्याचा एकच मार्ग तिला माहीत आहे, आणि तो पुरुषांच्या वीरगाथांनी शिकवलेला आहे.

टोल्किन यांना या वीरगाथांचा मोह होता, तशीच त्यांची चिकित्साही त्यांनी केली होती. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ते स्वतः सैनिक म्हणून होते. इ.स. ९९१ मधील मॉल्डनच्या लढाईवर आधारित नाट्यरचना आणि तिला जोडलेले टिपण त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. कीर्तीच्या हव्यासापोटी आपल्या माणसांचा बळी देणाऱ्या सरदाराच्या अहंकारावर त्यात त्यांनी बोट ठेवले आहे. या पार्श्वभूमीवर इओविनचे रणांगणावर जाणे दुहेरी ठरते. अन्याय्य भूमिकेला दिलेला नकार म्हणून ते समर्थनीय आहे. मरणाची निवड म्हणून ते तितकेच चिंताजनक आहे. प्रजेचे काय झाले, या प्रश्नाचा मात्र कथा पुढे पाठपुरावा करीत नाही, ही तिची उणीव मान्य केली पाहिजे.

७. शस्त्र खाली ठेवणे : पराभव की निवड?

विजयानंतर इओविन उपचारगृहात आहे. हात बरा होत असला तरी मन बरे होत नाही. ती पुन्हा युद्धाला जाण्याची परवानगी मागते. तेथे तिची भेट गोंडोरचा जखमी सेनानी फारामिर याच्याशी होते. अखेर ती जाहीर करते की यापुढे ती ढालधारी योद्धा राहणार नाही, राणी होण्याचीही तिला इच्छा नाही. ती वैद्यकी करील आणि वाढणाऱ्या, फुलणाऱ्या गोष्टींवर प्रेम करील. दोघांचा विवाह ठरतो आणि पुढे ती इथिलियनमध्ये राहते.

या शेवटावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. रूढी मोडणाऱ्या स्त्रीला कथेने पुन्हा विवाह आणि शुश्रूषा यांतच आणून बसवले, असा त्यांचा रोख आहे. हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. ज्या कादंबरीत मोहिमेवर निघालेले नऊही सदस्य पुरुष आहेत, तेथे लढणारी एकमेव स्त्री अखेरीस तलवार ठेवते, हे खरे आहे.

तरीही तीन बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की, या कादंबरीत रोगमुक्त करणे हे दुय्यम काम नसून राजत्वाचे लक्षण आहे. अरागॉर्न खरा राजा असल्याची खूण गोंडोरच्या प्रजेला पटते ती त्याच्या उपचार करणाऱ्या हातांमुळे. दुसरी बाब, शस्त्राविषयीची विरक्ती केवळ स्त्रीला सांगितलेली नाही. फारामिर स्वतः युद्धासाठी युद्ध करण्याच्या विरोधात आहे, फ्रोडो अखेरीस शस्त्र हाती घेण्यास नाखूश आहे, तर सॅम उद्ध्वस्त झालेल्या भूमीत झाडे लावतो. तिसरी बाब, वृद्ध राजाची शुश्रूषा तिच्यावर लादलेली होती. उपचाराचे व्रत तिने निवडलेले आहे. काम वरवर सारखे दिसले तरी नेमणूक आणि निवड यांत मूलभूत अंतर आहे.

टोल्किन यांच्या मसुद्यांतूनही या अर्थाला दुजोरा मिळतो. ख्रिस्तोफर टोल्किन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांवरून असे दिसते की इओविनचा विवाह अरागॉर्नशी व्हावा, असा प्रथम विचार होता. नंतर तो बदलून तिने थेओडेनला वाचवताना अथवा त्याचा सूड घेताना मरावे, अशी नोंद लेखकाने केली. पहिला शेवट प्रॉपच्या राजकन्येचा, दुसरा वीरगाथेतील ढालधारिणीचा. लेखकाने दोन्ही सोडून तिला जिवंत ठेवले आणि पुढे काय करायचे हे तिच्याच तोंडून वदवले. १९८१ मध्ये प्रकाशित झालेल्या पत्रसंग्रहातील एका पत्रात टोल्किन तिला व्यवसायाने योद्धा मानत नाहीत. अनेक शूर स्त्रियांप्रमाणे संकटकाळी लष्करी पराक्रम करण्याची क्षमता तिच्यात होती, असे ते नमूद करतात. हे मत मान्य केले तरी तिला तशी संधी चोरून का मिळवावी लागली, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) इओविनच्या कथेत भाकीत आणि भूमिका या भिन्न गोष्टी आहेत. भाकीत तिला मोकळे ठेवते. बांधते ती भूमिका. भूमिकेलाच नियती समजले जाते, तेव्हा अन्यायाला दैवाचे संरक्षण मिळते.

२) भाकीत पूर्ण होण्यासाठी भूमिका मोडणे आवश्यक ठरते. दोन व्यक्तींनी मागे राहण्याची आज्ञा पाळली असती, तर जुने शब्द खरे होण्यास त्या दिवशी कोणीच उरले नसते.

३) नकार ही मुक्तीची पहिली पायरी असली तरी ती पूर्ण मुक्ती नव्हे. रणांगणावरील इओविन पिंजऱ्यातून बाहेर पडते ती मरणाच्या ओढीने; उपचारगृहातील इओविन जगण्यासाठी काही निवडते.

४) ही मुक्ती एका व्यक्तीपुरती मर्यादित आहे. राजा, द्वारपाल आणि भाऊ यांच्या ज्या जगाने तिला विसरले होते, ते बदलल्याचे कादंबरी दाखवत नाही. इओविनला तिची वाट सापडते, पण रोहनमधील पुढच्या मुलीला वेष न पालटता घोड्यावर बसता येईल काय, याचे उत्तर कथेत मिळत नाही. साहित्याच्या वर्गात ही व्यक्तिरेखा शिकवताना तिच्या पराक्रमाइतकाच हा अनुत्तरित प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे उचित ठरेल.